पंख्याचा कौल

आमच्या व्याह्यांनी उभ्या आयुष्यात एकही निर्णय स्वतः घेतलेला नाही, आणि तरीही त्यांच्याइतका ठाम माणूस मी जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत पाहिलेला नाही. त्यांचे सगळे निर्णय नारायणगावच्या पेठेतला भैरोबा घेतो. व्याही फक्त अंमलबजावणी पाहतात. टोमॅटोचं कुठलं वाण लावायचं, बोअर कुठल्या बांधाला घ्यायची, ट्रॅक्टरला मागचे टायर नवे घालायचे की जुन्यांवरच रबर चढवून आणायचं, गुडघ्याला डॉक्टरचं मलम चोळायचं की वैदूचं तेल, या सगळ्या बाबी देवळात दाखल होतात, तिथे रीतसर सुनावणी होते, आणि निकाल लागला की व्याही घरी येऊन तो जाहीर करतात. मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. विहीणबाई एकदा मला म्हणाल्या, "ह्यांच्याशी भांडायची सोयच न्हाई बघा. भांडायचं म्हनलं तर थेट देवाशीच भांडावं लागतं."

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे, रेवतीचे सासरे. राहणार वारूळवाडी. घरात आणि गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. मी मंचरला कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस. देवळात जातो तो बायको सोबत असली तर, आणि तेही चपला सांभाळायला. त्यामुळे आमची सोयरीक जुळली याचं दोन्हीकडच्या नातेवाइकांना नवल वाटतं. मलाही वाटायचं. आता वाटत नाही.

कौल म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवतो आणि देवाच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवतो. मग आपण आपला प्रश्न सांगायचा आणि हात जोडून उभं राहायचं. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी गळली तर होकार, डाव्या खांद्यावरची गळली तर नकार. बाकीचे लोक प्रश्न मनातल्या मनात विचारतात. नानांना ते मान्य नाही. "मनात इचारलं तर मन लबाडी करतं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते खणखणीत आवाजात विचारतात, आणि त्यांचा खणखणीत म्हणजे बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारायचा. परिणामी नानांच्या घरात काय चाललंय हे सगळ्या पेठेला माहीत असतं. देवळाच्या पायरीशी भाजी घेऊन बसणाऱ्या बायका तर त्यांचा संसार मालिकेसारखा बघतात. नाना बाहेर आले की एखादी विचारतेच, "काय वं नाना, पाइपलाइनीचं काय झालं?" आणि नाना थांबून सांगतातही.

हे देऊळ पेठेत आहे म्हणण्यापेक्षा पेठ देवळात आहे म्हणणं जास्त बरोबर. एका अंगाला पंपाच्या सुट्या भागांचं दुकान, दुसऱ्या अंगाला भांड्यांचं, समोर मोबाईलवाले. ही दुकानं वाढत वाढत भिंतीला अशी भिडली आहेत की देवळाला प्रदक्षिणा घालायला वाटच उरलेली नाही. शहाणे भक्त जागच्या जागी गिरकी घेतात. नाना घेत नाहीत. ते हात जोडून भांड्यांच्या दुकानात शिरतात, कढया आणि पातेल्यांमधून मागच्या दाराने बोळात उतरतात आणि पंपाच्या दुकानातून पुढे येतात. मालक दोघेही मागे सरून वाट देतात, कारण नाना चालता चालता "ह्या घागरीला खालून पोचा आलाय, बघा" असं काहीतरी उपयोगाचं सांगून जातात. मीही एकदा त्यांच्यामागून ही प्रदक्षिणा केली. पुण्य किती मिळालं माहीत नाही, पण इडलीपात्र घेऊन बाहेर पडलो.

देवळाची कमिटी उत्साही आहे. तिने पायरीपासून कळसापर्यंत दात्यांची नावं घातली आहेत. पायरीवर नाव, घंटेवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, आरशावर तर इतकं मोठं नाव की गंध लावायला वाकलेल्या माणसाला स्वतःचं कपाळ दिसत नाही. देवाचं नाव मात्र कुठेच नाही. ते सगळ्यांना ठाऊक असावं. काही वर्षांपूर्वी गाभाऱ्यात भिंतीवर एक पंखा बसला. म्हणायला देवासाठी, पण त्याचं तोंड होतं गुरवाच्या बैठकीकडे, कारण घाम गुरवाला येतो. पंख्याच्या तीन पात्यांवर दात्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि आडनाव असं रंगवलेलं होतं. त्यामुळे पंखा चालू असला की दाता दिसायचा नाही, आणि दाता दिसला की वारा लागायचा नाही. या पंख्याकडे दात्याखेरीज कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

पण देवळाची कीर्ती वाढत होती. भैरोबा अलीकडे फार होकार देतो, असं लोक म्हणू लागले होते. पार डिंगोऱ्याहून माणसं कौल लावायला येत. नानांना याचं आश्चर्य नव्हतं. "आपण खरं मांडलं की त्यो खरं सांगतो," ते म्हणायचे. आणि नाना खरोखरच खरं मांडायचे. त्यांच्या देवभोळेपणावर मी मनातून पुष्कळ हसलो असेन, पण या एका गोष्टीवर मला कधी हसता आलं नाही. बांधावरच्या जांभळावरून त्यांचा चुलतभावाशी वाद होता. ते झाड चुलतभावाला देऊन टाकू का, असा कौल त्यांनी लावला, आणि चुलतभावाची बाजू इतकी कळवळून मांडली की गुरवाला वाटलं हे त्याचेच वकील आहेत. होकार आला. नानांनी झाड दिलं, आणि पुढच्या हंगामात त्याच झाडाची जांभळं चुलतभावाकडून मागून आणून आम्हाला मंचरला पोचवली.

रेवतीच्या लग्नाच्या वेळी या न्यायदानाशी माझा पहिला संबंध आला. पोहे झाले, मुलगा-मुलगी बोलली, दोघांनी एकमेकांना पसंत केलं, बायकांचं साड्यांपर्यंत आलं, आणि नाना म्हणाले, "आमचं समद्यांचं हो हाय, पावणं. आता एवढं भैरवनाथाला इचारू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कृषी पदवीधर मुलगी, आणि तिचं लग्न शेवंतीच्या पाकळीवर! पण मुलीचा बाप होतो. गुमान त्यांच्याबरोबर नारायणगावला गेलो. गाभाऱ्यात उभं राहून नानांनी सुरुवात केली, आणि मागची रांग कान टवकारून उभी राहिली.

"देवा, पोरगी शिकल्याली हाय. उंचीला आपल्या पोरापरास बोटभर जास्तच हाय, पर ते चालतंय. आई लई गरीब स्वभावाची. बाप पुस्तकं वाचून वाचून जरा वाकड्यात बोलतो, पर मानूस खोटा न्हाई. आता आपल्या पोराचं बी सांगतो. कामाला वाघ हाय, पर सकाळी लवकर उठत न्हाई, आन रुसला का जेवत न्हाई. हे मी पावण्यांच्या फुडंच सांगतोय, मागनं फसिवलं म्हनाया नको. करू का सोयरीक?"

मी ते 'वाकड्यात' पचवत होतो, तेवढ्यात उजवी पाकळी गळली. नानांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरले होते. मी एका पंख्याच्या झुळुकीने व्याही झालो, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात रेवतीने त्यांना विचारलं, "नाना, चहात साखर किती घालू, देवाला विचारलंत का?" मी तिथे असतो तर जमीन दुभंगून पोटात घे म्हटलं असतं. पण नाना शांतपणे म्हणाले, "चहा त्याच्या अखत्यारीत न्हाई, पोरी. त्यो तुझ्या." तिथून त्यांचं जे जमलं ते जमलं. सकाळी ओट्यावर बसून ती मोबाईलवर टोमॅटोचे बाजारभाव वाचून दाखवायची आणि नाना ऐकून बाजाराला शिव्या द्यायचे. एकदा पिकावर रोग आला. रेवतीने पानं उलटून पाहिली, औषध सांगितलं. नाना म्हणाले, कौल लावतो. ती म्हणाली, "लावा की. पण रोगाचं नाव नीट सांगा. करपा म्हणा. नुसता रोग म्हणालात तर देव भलतंच औषध देईल." नानांनी गाभाऱ्यात जाऊन करपा हा शब्द दोनदा उच्चारला, औषधाचं नावही रेवतीने सांगितलं तेच सांगितलं, आणि होकार घेऊन आले. घरात निर्णय कोण घेतं हे त्यानंतर विहीणबाईंना कळलं होतं. नानांना कळलं नव्हतं, किंवा कळूनही चालत होतं.

मग रेवतीला पुण्यात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी चालून आली. जावयांनाही चाकणला काम मिळत होतं. मुलांनी विषय नानांपुढे ठेवला, आणि नानांनी अर्थातच भैरोबापुढे न्यायचं ठरवलं. निघताना विहीणबाई म्हणाल्या, "ह्या बारीला जरा आपल्या बाजूनं बोला की वं." नाना चपला घालून बाहेर पडले. गाभाऱ्यात त्यांनी सांगितलं की पोरीचं शिक्षण इथे पाणी देण्यात आणि फवारण्यात वाया चाललंय, पोरगाही तिच्यामुळे आता लवकर उठतो, त्यांचे हातपाय हलायच्या वयात त्यांना अडवणं बरं नव्हे. आणि शेवटी, आवाज थोडा उतरवून, की घर मात्र ओस पडेल. "जाऊ देऊ का?" उजवी पाकळी गळली. नानांनी घरी येऊन निकाल जाहीर केला, मुलांनी त्यांच्या पाया पडून घेतलं, आणि नाना कुणालाही न सांगता गोठ्यात जाऊन बसले. मला फोनवर म्हणाले, "पावणं, मी त्यांची बाजू जरा जास्तीच चांगली मांडली का काय, कळंना."

पुण्यात खोली ठरली, सामान बांधायला सुरुवात झाली. आणि त्याच सुमारास पेठेतला ट्रान्सफॉर्मर जळाला.

त्या दिवशी नाना एका किरकोळ कामासाठी देवळात गेले होते. मुलांबरोबर घरातल्या गाद्या द्याव्यात की तिकडेच नव्या घेऊ द्याव्यात, एवढाच प्रश्न होता. "गाद्या देऊ का?" डावी पाकळी गळली. नानांना वाटलं, देवाला गाद्या पसंत नसतील. मग त्यांनी पितळी घागरीचं विचारलं. पुन्हा डावी. गव्हाच्या पोत्याचं विचारलं. डावी. घामाघूम झालेला गुरव उपरण्याने वारा घेत म्हणाला, "नाना, आज देवाचा मूड न्हाई. लाईट आल्यावर या." नानांनी वर पाहिलं. पंखा थांबलेला होता. तिन्ही पात्यांवरचं दात्याचं नाव वडिलांसकट स्पष्ट दिसत होतं. नानांनी पंख्याचं तोंड पाहिलं, गुरवाची बैठक पाहिली, आणि मधे असलेला देवाचा उजवा खांदा पाहिला.

तिथून ते तडक एसटीने मंचरला माझ्या घरी आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पावणं, घोळ झाला. कौल देवाचा न्हाई. पंख्याचा हाय."

मी म्हटलं, "कशावरून?"

"आमी उफणणी केल्याली माणसं हावोत. वारं कुठनं येतंय आन काय सुकिवतंय, हे आमाला कळायचं न्हाई व्हय? वारं नाथाच्या उजव्या खांद्यावर येतंय. तिथली पाकळी आधी सुकती आन आधी पडती. पंखा बसल्यापासनं समद्यांना हो."

आयुष्यभर मी हेच ऐकण्याची वाट पाहत होतो. एक श्रद्धावंत माझ्या दिवाणखान्यात बसून, आपल्या बुद्धीने, कार्यकारणभाव सिद्ध करत होता. पण माझ्या मुलीची नोकरी त्या पंख्याला टांगलेली होती. मी घसा खाकरून म्हणालो, "नाना, पण पंखा तरी कोणाच्या इच्छेने फिरतो? देवाच्या मनात नसतं तर तो तिथे बसला असता का?"

आतून बायको बघायला बाहेर आली, की हे कोण बोलतंय.

"तुमी बी आता कीर्तन करा, राव," नाना म्हणाले. मग पेला खाली ठेवून: "पोरं जायची न्हाईत, हे मला सोपं हाय. घरी जाऊन सांगायचं, कौल खोटा व्हता. पोरगी ऐकंल. तोंड वाईट करंल, पर ऐकंल. मला तर तेच पायजे."

"मग?"

"मग लगीन."

"कोणाचं लग्न?" मी विचारलं.

"लग्नाचा कौल बी पंख्याचाच की, पावणं."

बायको दारातच खाली बसली. मी घाईघाईने म्हटलं, लग्नाचं सोडा, ते होऊन गेलं. पुण्याचा प्रश्न हवा तर पंखा बंद करून पुन्हा विचारा. हे सुचवताना मी माझ्याच मुलीच्या पायावर धोंडा मारत होतो, पण समोरचा चेहरा बघवत नव्हता. नानांनी मान हलवली.

"एकच कसा इचारू? त्यो म्हनंल, ह्यो सोयीचं तेवढंच इचारतोय. इचारायचं तर दोन्ही इचाराय पायजे. आन लग्नाचा डावा पडला तर? पोरीच्या हातचा चहा कसा पिऊ मी?"

त्यांनी चहाही घेतला नाही. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "रेवतीला ह्यातलं काय बोलू नगा." आम्ही बोललो नाही. ती हे वाचेल तेव्हा वाचेल.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला गुरवाने सांगितलं. लाईट अजून आलेली नव्हती. नाना आले, गुरवाने सवयीने पाकळ्या भिजवल्या. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग देवापुढे उभं राहून, भाजीवाल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "देवा, आजवर जे कौल पडले ते समदे तुझे. मला ते मंजूर. त्यातला एक बी मी परत इचारायचा न्हाई. पोरं रविवारी जात्यात." आणि मग गुरवाला त्यांनी पंख्याचं तोंड फिरवून घ्यायला सांगितलं. का ते सांगितलं नाही. गुरवाने ते दाराकडे फिरवलं. अलीकडे भैरोबा पूर्वीसारखा होकार देत नाही, अशी लोकांची तक्रार आहे. कमिटीने उपाय म्हणून आणखी एक बोर्ड लावला आहे.

रविवारी टेम्पो भरताना मी वारूळवाडीत होतो. गाद्या गेल्या, घागर गेली, गव्हाचं पोतंही गेलं. तीन डावे कौल नानांनी स्वतःच्या खांद्यावरून टेम्पोत चढवले. रेवती रडली, जावई रडले, विहीणबाई आणि माझी बायको गळ्यात गळा घालून रडल्या. नाना दोर आवळत होते. इतका वेळ आवळत होते की टेम्पोवाला म्हणाला, "नाना, पुण्याला न्यायचंय, दिल्लीला न्हाई."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. नाना अजूनही दर आठवड्याला देवळात जातात, कौलही लावतात, पण प्रश्न आता लहान झालेत. पाण्याची पाळी, खताची गोणी. दोन माणसांच्या घराला विचारायला असं कितीसं असतं? गेल्या महिन्यात एका सकाळी ते अचानक मंचरला उतरले. हातात दोन पिशव्या. एकीत मेथी आणि वांगी, दुसरीत दुधाच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. पुण्याला निघाले होते. पोरांना कळवलंही नव्हतं. मला जरा मौज वाटली. म्हटलं, "काय नाना, नाथाला विचारून निघालात ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस इतकी पुस्तकं वाचून कोरडाच राहिला.

"लेकीच्या घरी जायाला इचारत्यात व्हय, पावणं?"

मी पिशव्या घेतल्या आणि स्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. त्यांनी दुधाची पिशवी मांडीवर घेतली आणि वर पदराचा वारा घालावा तसा उपरण्याने हळूहळू वारा घालत बसले, दूध नासू नये म्हणून. बस सुटल्यावर हात करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी मात्र बराच वेळ हात वर करून उभा होतो.